कपाटातलं जनरल रजिस्टर

गुरुजी, तुमच्या हातचं शाळेचं जनरल रजिस्टर माझ्या घरी आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या शालीत गुंडाळून ठेवलेलं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. आज बारा वाजता तालुक्याला सुनावणी आहे, आणि तिथं हेच वाक्य मोठ्यानं बोलायचं की मान खाली घालून घरी यायचं, ते अजून ठरत नाही. सकाळपासून तीनदा चहा केला, तिन्ही वेळा साखर टाकायची राहिली. अक्षरही आज वाकडं पडतंय. हे बघायला तुम्ही असता तर म्हणाला असता, कोंबडी चालली व्हय रे कागदावरून. तुम्ही घाटावरचे, आमच्या भाताच्या मुलखात येऊनही तुमचं ‘व्हय’ काही सुटलं नाही.

या रजिस्टरासाठी जी माणसं ताटकळली आहेत ती म्हणजे वरच्या ठाकूरवाडीतला एक गडी आणि त्याची मुलगी. त्या मुलीचा आजा तुमचाच विद्यार्थी. माझ्या शेजारी तरटावर बसायचा, पाढे म्हणताना डोळे मिटायचा आणि कविता म्हणताना उघडायचा, तोच. तो गेला आता. त्याच्या नातीला नर्सिंगला नंबर लागलाय. कॉलेजनं जागा धरून ठेवलीय, पण या महिनाअखेरपर्यंतच. तोवर जातपडताळणीचं प्रमाणपत्र दाखल करायचं, नाही तर जागा दुसऱ्याला. आणि पडताळणीवाले म्हणतात, घराण्यातला जुना पुरावा आणा, जितका जुना तितका पक्का. त्या घरात शाळेची पायरी पहिल्यांदा चढला तो आजाच. जमिनीचा कागद नाही, जन्माची नोंद नाही. तो माणूस होऊन गेला आणि अमुक जमातीचा होता, याचा जुना पुरावा एकच, तो शाळेत आला तेव्हा त्याचं नाव, जात, जन्मतारीख घालून तुम्ही रजिस्टरात लिहिलेली एक आडवी ओळ. ती माझ्या कपाटात आहे.

भाताची लावणी उरकत आली होती तेव्हा ते दोघं माझ्याकडे आले. बाप साजगावच्या एका कारखान्याचा टेंपो चालवतो, त्यामुळे कपड्यांना तेलाचा वास. पडवीत उभा राहून म्हणाला, “हाय का सर घरात? शाळेत गेलेलो. बाई बोलल्या, एवढं जुनं पुस्तक शाळेत नाय. मंग मी हिला बोललो, सरांकडं जाऊ. सरांना समदं ठावं असतं.”

“समदं कसं ठावं असंल, बाबा? सर काय गुगल हायेत?” मुलगी म्हणाली.

“गप गं! मोठ्या माणसासमोर असं बोलतात?”

मी हसलो. गुरुजी, खरंच हसलो. कपाट माझ्या पाठीमागच्या खोलीत. वीस पावलं. मी उठलो नाही. म्हणालो, “माहितीच्या अधिकारात अर्ज करू.” मुलीनं विचारलं, किती दिवस लागतील? म्हटलं, तीस. ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली, आणि मी तिच्या बोटांकडे बघायचं टाळलं.

मनाशी तेव्हा म्हणालो होतो की घरातून काढून दिलेल्या वहीला कोण विचारतो, शाळेची नक्कल हवी, तिच्यावर शिक्का हवा. ते खोटं नाही. पण मी त्या कारणानं बसून राहिलो असंही नाही. मला वाटलं, हापिसात कुठंतरी दाखल्यांची जुनी स्थळप्रत, त्यांनी ठेवून घेतलेली नक्कल, असेल, दुसरं काही निघेल, काम होऊन जाईल आणि माझं कपाट उघडायची वेळ येणार नाही.

ते माझ्याकडे कसं आलं, ते तुम्हाला सांगायला हवं. खालापूर तालुक्यातल्या चार शाळा फिरून शेवटची काही वर्षं मी आपल्याच शाळेत मुख्याध्यापक होतो. कौलारू इमारत पाडून स्लॅबची बांधायचं ठरलं. दप्तर बाहेर निघालं. रद्दीवाला तराजू घेऊन व्हरांड्यात बसलेला, फाटके नकाशे, हजेरीपट, मोडक्या पट्ट्या, सगळं एका ढिगात. त्या ढिगाच्या कडेला तुमचं रजिस्टर होतं, पाठीला वाळवी लागलेलं. मी ते उचललं, झटकलं, सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणलं. त्या दिवशी मी ते वाचवलं, एवढं तरी मला माझ्या पदरात टाकू द्या. नवी शाळा उभी राहिली, लोखंडी कपाट आलं, आता परत नेऊ म्हणता म्हणता राहिलं. राहिलं कसलं, मी ठेवून घेतलं. निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना यादीत माझ्या हातानं लिहिलं: ‘जुनी रजिस्टरे, जीर्ण, वाळवी लागल्याने निरुपयोगी.’ खाली सही केली. सही मात्र सुरेख आली होती.

लोक पोथी वाचतात तसं मी ते वाचायचो. दुपारी जेवण झालं की शाल सोडायची आणि कुठलंही पान काढायचं. आसपासच्या शाळांत सगळी पोरं एक जूनला जन्माला यायची, मास्तरांच्या सोयीनं. तुम्ही मात्र आयांना विचारत बसायचा, पोर झालं तेव्हा शेतात काय होतं गं? कुणी सांगे, नाचणी झोडत होतो. कुणी म्हणे, पेरणीआधी राब भाजायच्या आदल्या दिवशी. मग तुम्ही पंचांग उघडून तारीख शोधायचा. आणि शेवटचा तो रकाना, शाळा सोडल्याचे कारण. इतरांनी तिथं ‘सतत गैरहजर’ असं एकच ठसवलेलं असतं. तुम्ही लिहिलंय: धाकट्या बहिणीस सांभाळण्यासाठी. मिठागरावर गेला. वडील वारले. पुस्तक नाही. मी आयुष्यभर वर्गात चालीवर कविता म्हटल्या, पोरांकडून म्हणून घेतल्या, स्वतःही चार बऱ्यावाईट लिहिल्या. पण त्या रकान्यासारखं मला कधी साधलं नाही. म्हणून सोडवेना.

आणि तेच रजिस्टर तुम्ही कसं वापरायचा! प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन झालं की शाळेचं टेबल चिंचेखाली यायचं, त्यावर रजिस्टर, आणि तुम्ही बाजूला उभे. ज्याला यायचं त्यानं यावं आणि आपल्या पोराचं काय लिहिलंय ते बघावं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं बोट धरून तुम्ही ओळीवर ठेवायचा आणि मोठ्यानं वाचायचा. चूक निघाली तर तिथल्या तिथं दुरुस्त, लाल शाईनं, सही करून. कुठल्या परिपत्रकात असलं काही नव्हतं. गावच्या पाटलांना ते आवडत नसे. ‘सरकारी वही कशाला कुणालाही दाखवता’, असं ते म्हणालेले मला आठवतं, आणि तुम्ही नुसतं ‘बसा, चहा घ्या’ म्हणालेलात तेही.

मी चौथीत होतो तेव्हा तुम्ही मला टेबलाशी पानं उलटायला उभं केलंत. माझ्या त्या तरटावरच्या मित्राची आई वाडीवरून उतरून आली होती, डोक्यावर कारवीची मोळी. मोळी तशीच ठेवून ती वाकली. आणि मी, स्वतःची भातशेती असलेल्या घरातला मुलगा, टोपी घातलेला, म्हणालो, “तुला कुठं वाचता येतंय? बघून काय करशील?” तिनं डोक्यावरची मोळी सावरली. वळली आणि निघून गेली. तुम्ही पलीकडे होता, पण तुम्ही ऐकलं. सगळ्यांसमोर रागावला नाहीत. लोक पांगल्यावर जवळ आलात आणि म्हणालात, “आरं, वाचता येत नाही म्हणून तिचा हक्क बुडतो व्हय? जिला वाचता येत नाही, तिला आधी दाखवायचं.” दुसऱ्या दिवशी तुम्ही ते रजिस्टर धोतराच्या फडक्यात बांधून माझ्या डोक्यावर दिलंत आणि मला वाडीवर पाठवलंत. एकट्याला. करवंदीच्या जाळीत पोटऱ्या खरवडल्या. ती बाई अंगणात भात सडत होती. मी पान उघडलं, तिचं बोट धरलं आणि ओळीवर ठेवलं. बोट खरखरीत, गरम. तिनं विचारलं, “ह्यो माझा पोर?” मी म्हटलं, “हो.” ती बराच वेळ बोट उचलेना. मग म्हणाली, “एवढुसाच?”

खाली आलो तर तुम्ही शाळेमागच्या तुमच्या खोलीत स्टोव्हशी बसलेले. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवलीत. मी खात होतो आणि नाक गळत होतं, चटणीनं. तुम्ही मला स्वतःच्या हातानं पाणी दिलंत. ते सगळं विसरून मी त्याच बाईच्या पणतीला तीस दिवस सांगितले.

अर्ज मीच लिहून दिला. चार पानी. सुरुवात शाळेपासून, मग चिंच, मग तुमचं अक्षर, मग ठाकूरवाडीची वाट. आठवड्यानं बापलेक परत आले. तालुक्याच्या हापिसानं अर्ज घेतला नव्हता, दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा म्हणून.

“पण सर, तुमी लिवलं झकास व्हतं,” तो म्हणाला. “तिथल्या क्लार्कनं समद्यांना वाचून दाखवलं. एक बाई तर रडली.”

“रडली, पण शिक्का नाय मारला,” मुलगी म्हणाली. “द्या सर, मीच लिवते.”

तिनं माझ्याच पडवीत बसून चार ओळी लिहिल्या. अमुक शाळा, अमुक नाव, जनरल रजिस्टरमधील नोंदीची साक्षांकित प्रत मिळावी. झालं. माझ्याकडून फीचं तिकीट लावून घेतलं आणि निघाली. मला नियम ठाऊक नव्हता असं नाही, गुरुजी. नोकरीत असताना असे अर्ज मी स्वतः परत केलेत. चार पानं लिहिताना हात आपोआप लांबत गेला, की मीच दिवस लांबवत होतो? रोज हा प्रश्न पडतो आणि रोज मी कूस बदलतो.

तीस दिवसांनी उत्तर आलं: सदर अभिलेख उपलब्ध नाही. एका ओळीचं. ते घेऊन मुलगी आली तेव्हा तिनं थट्टा केली नाही, त्याची मला जास्त भीती वाटली. मग तिनं अपील केलं. त्याच आठवड्यात शाळेच्या बाई माझ्याकडे आल्या. तरुण आहेत, शेलूला नव्या सोसायटीत राहतात, इतक्या लांबून स्कूटीवर येतात. हेल्मेट काढायच्याही आधी म्हणाल्या, “सर, तुमच्या चार्जयादीत जीर्ण असं लिहिलंय. म्हणजे नष्ट केलं होतं का? केलं असेल तर वरून मंजुरी घेतली असेल ना? तो कागद कुठं मिळेल?”

“आठवत नाही हो आता,” मी म्हणालो.

“नाही, मी तुमच्यावर ढकलत नाही हां सर. माझ्याआधी दोन मुख्याध्यापक झालेत, त्यांनाही विचारलं. पण खुलासा माझ्याच नावानं मागणार. माझं प्रोबेशन नुकतं संपलंय.” मग घाईघाईनं म्हणाल्या, “असू दे. तुम्ही त्रास नका करून घेऊ, बीपी वाढायचं.”

त्या स्कूटी वळवून गेल्या आणि मी दारात उभा. कपाटाची किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात.

पहिल्या सुनावणीला मी गेलो होतो. अपील करणाऱ्या मुलीचा मदतनीस म्हणून! अपील ऐकणारे साहेब वयानं माझ्या मुलापेक्षा लहान. बाईंना म्हणाले, “उपलब्ध नाही म्हणजे काय? रजिस्टर म्हणजे सगळ्या गावाची नोंद आहे. त्याला काय पाय फुटले? पंधरा दिवस देतो. सापडलं नाही तर गहाळ झाल्याची पोलिसांत तक्रार द्या, आणि शेवटी कुणाच्या ताब्यात होतं ते ठरवू.” बाईंनी वहीत लिहून घेतलं. पेन दोनदा थांबलं. मग साहेब माझ्याकडे वळले, “आजोबा, आपण?” मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, “आमचे सर हायेत. अर्ज करायचं यांनीच सुचवलं.” साहेब खुश झाले. “वा! अशी जाणती माणसं हवीत गावोगाव.” कुणीतरी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. मी तो सगळा प्यायलो.

ते पंधरा दिवस आज संपले. बाहेर भातं पिवळी पडायला लागलीत. मुलगी या दिवसांत दोनदा येऊन गेली. बाईंबरोबर शाळेचा माळा झाडला म्हणून सांगत होती, केसांत जळमटं तशीच. “एक मेलेला उंदीर आन् जुना तिरंगा गावला,” म्हणाली. “तिरंगा बाईंनी धुऊन ठेवला.” जाताना दारात थांबून तिनं विचारलं, “सर, नाय मिळालं तर पुढच्या वर्षी परत नंबर लागंल का?” मी म्हणालो, मिळेल गं. तिला वाटलं, मी धीर देतोय.

काल दुपारी शाल सोडून तुमचं ते पान काढलं. वर माझी ओळ, खाली माझ्या तरटावरच्या मित्राची. माझ्या शेवटच्या रकान्यात ‘पुढील शिक्षणासाठी’. त्याच्या रकान्यात ‘गुरे राखण्यासाठी’, आणि त्यापुढे, जागा नव्हती म्हणून बारीक अक्षरात, दोनच शब्द: ‘हुशार होता.’ हे मी किती दुपारी वाचलंय! प्रत्येक वेळी डोळे भरून आलेत, आणि प्रत्येक वेळी ते भरून आले याचं मला बरं वाटलंय. कालच पहिल्यांदा ध्यानात आलं की हे दोन शब्द त्याच्या मुलानं वाचलेले नाहीत. नातीला ते आहेत हेही माहीत नाही. त्यांच्या घरातली गोष्ट, आणि वाचक मी एकटा.

आता भीती कसली ते सांगतो. पोलीस, पेन्शन, गावातली मान, हे सगळं आहेच, नाही कसं म्हणू. पण काल पान बघताना वेगळंच मनात आलं. पडताळणीवाले विचारतील, इतकी वर्षं हे दप्तर शाळेबाहेर होतं, एका खासगी माणसाच्या घरात, मग यात नंतर कुणी काही लिहिलं नसेल कशावरून? ते तुमचे बारीक अक्षरातले दोन शब्दच त्यांना संशयाचे वाटले तर? म्हणजे न द्यावं तर मुलीचं वर्ष जातं, आणि द्यावं तर पुराव्यालाच माझ्या घराचा डाग. मी ते नुसतं ठेवलं नाही, गुरुजी, बाटवून ठेवलं. हे कुणाला विचारावं? वकिलाला विचारायचं तर आधी त्याला सांगायला हवं.

तरी जबाब लिहिलाय. पहिला मसुदा पुन्हा दोन पानं झाला, त्यात चिंचही आली. तो फाडला. दुसरा असा आहे: ‘सदर रजिस्टर मी मुख्याध्यापक असताना घरी नेले. ते आजपर्यंत माझ्या ताब्यात होते. चार्जयादीतील माझी नोंद खरी नाही. विद्यमान मुख्याध्यापिकांचा यात दोष नाही. रजिस्टरात मी काहीही लिहिलेले अथवा खोडलेले नाही. ते आज हजर करीत आहे.’ वाचून बघितला. चाल लागत नाही त्याला कसलीच. चालेल.

हे पत्र रजिस्टराच्या पानांत ठेवून द्यावं असं मनात आलं होतं, म्हणजे तुमच्या अक्षराशेजारी राहील. पण मग तेही सरकारी दप्तरात माझं काहीतरी घुसडणंच. तेव्हा हे इथंच, टेबलाच्या खणात.

टेंपो आलाय. मुलीला तालुक्याला सोडायचंच आहे, तर मलाही घेऊन जा, असा मीच निरोप दिला होता. तिच्या बापानं कारखान्यातून अर्धा दिवस मागून घेतलाय. रजिस्टर कापडी पिशवीत घातलंय, कोपरे बाहेर येतात. मनात ठरवलंय की साहेबांच्या आधी या दोघांना सांगायचं, तालुक्याच्या अलीकडची दहिवली येईपर्यंत, टेंपोतच. मघाशी तो पडवीत आला, म्हणाला, “द्या सर ती पिशवी, पुढं ठेवतो. जड दिसत्ये. काय हाय एवढं?”

मी म्हणालो, “औषधं आहेत. माझ्याजवळच राहू देत.”

तो बरं म्हणून बाहेर गेला. मी आत येऊन हे लिहितोय, पिशवी मांडीवर घेऊन.